चाची ४२०

कौटुंबिक विनोदी हिंदी चित्रपट. प्रदर्शन डिसेंबर १९९७. निर्मिती, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका कमल हासन यांची. संवाद व गीते गुलजार, संगीत विशाल भारद्वाज. के. एस. रविकुमार दिग्दर्शित ‘अव्वै षण्मुगी’ (१९९६) या तमिळ चित्रपटाची ही हिंदी आवृत्ती. तमिळ चित्रपटाची कल्पना ‘मिसेस डाउटफायर’ (१९९३) या अमेरिकी चित्रपटावरून सुचलेली, आणि तोही अ‍ॅन फाइन यांच्या १९८७ सालच्या कादंबरीवर बेतलेला. उसनवारी अशी तीन हातांतून फिरली. तरी हिंदीत येताना मूल सांभाळणाऱ्या बाईला आडनाव मिळाले ते गोडबोले.

जयप्रकाश पासवान हा चित्रपटांतला नृत्यदिग्दर्शकाचा सहायक. श्रीमंत दुर्गाप्रसाद भारद्वाज (अमरीश पुरी) यांची मुलगी जानकी (तब्बू) त्याच्यापासून विभक्त होते आणि छोटी भारती आईकडे जाते. लेकीजवळ राहता यावे म्हणून तो जोसेफ या रंगभूषाकाराकडून (जॉनी वॉकर) रूप पालटून घेतो आणि लक्ष्मी गोडबोले बनून सासऱ्याच्याच घरात मुलीला सांभाळायला लागतो. पुढे सासरेबुवाच या बाईवर भाळतात. घरमालक हरिभाई (परेश रावल) यांचेही तेच होते. दुर्गाप्रसादांचा मदतनीस बनवारीलाल (ओम पुरी) मात्र पहिल्यापासून संशयाने पाहतो, आणि त्याचा संशय खरा असूनही हसे त्याचेच होते.

तमिळ षण्मुगी ही ब्राह्मण मामी, मडिसार पद्धतीने नऊवारी नेसणारी. हिंदीसाठी कमल हासन यांनी नऊवारी कायम ठेवून तिला मराठी केले. ही निवड केवळ वेशभूषेची सोय नव्हे. परक्या पुरुषाला दटावणारी, पदर खोचून कामाला लागणारी, वेळ आली तर हात उगारणारी प्रौढ मराठी बाई हिंदी प्रेक्षकाला ओळखीची होती. तिच्या धाकात घर येणे कुणालाच खटकत नाही. मराठी प्रेक्षकाला तर पुरुषाने साकारलेली अशी बाई नवी नव्हतीच. ‘चार्लीज आंट’ या इंग्रजी प्रहसनावरून आचार्य अत्रे यांनी लिहिलेली ‘मोरूची मावशी’ विजय चव्हाण यांनी आधीच घरोघरी पोचवली होती.

‘मिसेस डाउटफायर’चे दिग्दर्शक ख्रिस कोलंबस यांचा पहिला चित्रपटही मुले सांभाळण्यावरच होता. ‘अ‍ॅडव्हेंचर्स इन बेबीसिटिंग’ (१९८७) मध्ये एलिझाबेथ शू यांनी रंगवलेली तरुण मुलगी सांभाळायला घेतलेल्या पोरांसह शिकागोत रात्रभर भटकते. २०१६ साली डिस्ने चॅनलने त्याचा पुनरावतार काढला. त्यात सब्रिना कारपेंटर आणि सोफिया कार्सन अशा दोन मुली आहेत. वाहिनीचा हा शंभरावा चित्रपट म्हणून त्याचा गाजावाजा झाला. ही कथा मात्र आपल्याकडे सहज रुजण्यासारखी नाही. विरार पूर्वेच्या फुलपाड्यातली नोकरदार आई लोकल गाठण्याआधी मूल आजीकडे, शेजारच्या काकूंकडे किंवा पाळणाघरात सोडते. कॉलेजात जाणाऱ्या पोरीला तासावर पैसे देऊन घर तिच्या हवाली करण्याची रीत नाही. वडीलधाऱ्या बाईच्या हाती मूल देणे तेवढे पटते. डाउटफायरबाईंना इथे जागा मिळाली, शिकागोतल्या पोरींना मिळाली नाही, त्यामागे हेही एक कारण असावे.

शीर्षकातला आकडा भारतीय दंड संहितेच्या फसवणुकीच्या कलमाचा. ‘श्री ४२०’ (१९५५) या राज कपूर यांच्या चित्रपटाने तो आधीच लोकांच्या तोंडी रुळवला होता. १ जुलै २०२४ पासून ती संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली आणि फसवणूक ३१८व्या कलमात गेली, पण बोलण्यातला ‘चारसोबीस’ हटलेला नाही.

जॉनी वॉकर यांचा हा अखेरचा चित्रपट. २००३ साली त्यांचे निधन झाले. भारतीची भूमिका करणारी फातिमा सना शेख पुढे ‘दंगल’ (२०१६) मध्ये गीता फोगाट म्हणून दिसली. शेवटाच्या बाबतीत मात्र मूळ चित्रपट अधिक धीट आहे: तिथे नवरा-बायको वेगळेच राहतात आणि बापाला मुलांना रोज भेटण्याची मुभा मिळते. तमिळ आणि हिंदी आवृत्त्यांत जोडपे पुन्हा एकत्र येते.