मनोऱ्यावरची खुर्ची



ज्वारी-बाजरी दाण्यात आली की शेतात राखणीचा माळा उभारतात, हे अकोल्याच्या श्रोत्यांना मी सांगावयास नको. माळा उंच हवा, वर सावली हवी, गोफण हाताशी हवी आणि चारी दिशा नजरेत हव्यात. राखणदार अवघडून बसला की त्याचे लक्ष उडते आणि पाखरे कणसांवर उतरतात. विमानतळावरील नियंत्रण-मनोरा हाही एक माळाच होय. मात्र तेथे लक्ष उडाले तर माणसे जातात.

लंडनजवळ क्रॉयडन येथे 1920 साली असा पहिला मनोरा उभा राहिला. अमेरिकेत सेंट लुईस येथे 1929 साली आर्ची लीग नावाचे गृहस्थ हातगाडीवर खुर्ची, छत्री, वही आणि जेवणाचा डबा घालून धावपट्टीपाशी जात. चौकटींचे निशाण म्हणजे ‘चला’, तांबडे म्हणजे ‘थांबा’. पुढे रेडिओ आला, रडार आले आणि यंत्रांची दाटी झाली. यंत्र मावेल तेथे बसवावे व माणसाने त्याच्याशी जुळवून घ्यावे, अशी रीत पडली.

दुसऱ्या महायुद्धात या रीतीला धक्का बसला. रडारवर टक लावून बसलेल्या तरबेज माणसांच्याही नजरेतून खुणा निसटू लागल्या. अशा टेहळणीत अर्ध्या तासातच लक्ष मंदावते, हे नॉर्मन मॅकवर्थ यांनी 1948 साली प्रयोगांती दाखविले. हा आळस नव्हे, मनुष्यधर्म होय. काम माणसाच्या बेताने घडविण्याच्या या शास्त्राला इंग्लंडात त्याच सुमारास ‘अर्गोनॉमिक्स’ हे नाव मिळाले. 1951 साली अमेरिकेत पॉल फिट्स यांच्या संपादनाखाली निघालेल्या अहवालाने ते हवाई नियंत्रणास लावून पाहिले.

आजच्या मनोऱ्याच्या काचा बाहेर कललेल्या असतात, त्या आतील दिव्यांचे प्रतिबिंब डोळ्यांवर येऊ नये म्हणून. मेजे बुटकी असतात, ती बसल्या जागेवरून धावपट्टी दिसावी म्हणून. इतके करूनही काम संपत नाही. 1 फेब्रुवारी 1991 रोजी लॉस एंजेलिस येथे धावपट्टीवर थांबविलेल्या लहान विमानाचा नियंत्रिकेस विसर पडला आणि दुसरे विमान त्यावर उतरले. 35 माणसे गेली. इमारतीवरील दिव्यांची तिरीप नजरेच्या आड येत होती, जमिनीवरचे रडार बंद होते. चौकशीत एकट्या तिच्यावर ठपका आला नाही. एकीची चूक दुसऱ्याने सावरावी अशी व्यवस्थाच ठेवली नव्हती, हा मुख्य दोष ठरला.

मुंबईत 2013 साली 83.8 मीटर उंचीचा मनोरा उभा राहिला. तेथे दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, आणि 2018 च्या डिसेंबरात एका दिवसात हजारावर विमानांची ये-जा झाली. अशा ठिकाणी खुर्चीची उंची ही चैनीची बाब कशी म्हणावी? परक्या मापाच्या खुर्चीवर आपल्या माणसाचे पाय लोंबकळतात. म्हणूनच अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने 1997 साली प्रसिद्ध केलेली भारतीय शरीरमापे मोलाची आहेत.

आपल्याच जिल्ह्यात काकडी येथे 2017 साली शिर्डीचा विमानतळ सुरू झाला, तेव्हा हा प्रश्न आता दूरचा राहिलेला नाही. अपघात झाला की ‘कोण झोपला होता?’ असे आपण प्रथम विचारतो. त्याआधी, त्याला आपण बसावयास कसली जागा दिली होती, हे विचारण्याची सवय आपणांस लागावी, एवढेच माझे सांगणे.