नक्कल आहे, चावी नाही

'चावी' हा शब्द आपण गोंयकार जितक्या सहज वापरतो तितक्याच सहज पुण्याचा माणूसही वापरतो. पण तो मराठीत आला पोर्तुगीजांकडून. ते गेले, त्यांचा शब्द मात्र आपल्या कमरेला लटकलेला राहिला. किल्ली म्हणा, चावी म्हणा, वस्तूचा स्वभाव एकच. ती कुलपाच्या बाहेर राहते आणि बहुधा कुलपाच्या आधी हरवते!

आजचा लेख अशाच एका चावीविषयी आहे. ही चावी लोखंडाची नाही, आकड्यांची आहे. पण तिच्याविषयी विचार करायला लागलो तो इंदूरच्या कृष्णपुऱ्यामुळे, म्हणून आधी तिकडे जाऊ.

कृष्णपुरा म्हणजे इंदूरच्या जुन्या वस्तीचा, खान नदीकाठचा भाग. होळकरांचा राजवाडा तिथून जवळ. नदीकाठी होळकर घराण्याच्या छत्र्या आहेत. महाराणी कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव यांची ही स्मारके. मराठी माणसाला तिथे परके वाटत नाही. आजूबाजूला हिंदी ऐकू येत असली तरी दारांवरच्या पाट्यांत आपली आडनावे दिसतात.

जवळच्या त्या राजवाड्याने आग एकदा नव्हे, तीनदा पाहिली. १८०१ साली शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्याने इंदूर लुटले तेव्हा, मग १९०८ साली, आणि १९८४ च्या दंगलीत. ज्या गावाने आपला वाडा तीनदा जळताना पाहिला, त्या गावच्या माणसाला 'एक प्रत दुसरीकडे असावी' हे शिकवावे लागत नाही.

आमच्या नात्यातले एक काका अशांपैकीच. जन्म इंदूरचा, सगळे आयुष्य कृष्णपुऱ्यात गेलेले. १९८४ चा धूर त्यांनी स्वतः पाहिला. सिनेमाचे वेड जबर. ब्लू-रे डिस्का निघाल्या तेव्हा त्यांनी पेन्शनीतून एकेक करून जमवल्या. डिस्कवर ओरखडा पडला की सगळे गेले, या भीतीने प्रत्येक डिस्कची 'इमेज', म्हणजे पहिल्या बिटापासून शेवटच्या बिटापर्यंतची हुबेहूब नक्कल, एका मोठ्या हार्ड डिस्कवर करून ठेवली. घरातल्या मुंजी, लग्ने, गणेशोत्सवातली गाणी यांच्याही डिस्का त्यांनी ब्लू-रेवर लिहून घेतल्या होत्या. त्यांच्याही नकला केल्या.

काही वर्षांनी बघतात तर बऱ्याच नकला उघडेनात. मी कचेरीत संगणकावर काम करतो एवढ्या भांडवलावर त्यांनी मला विचारले, "अरे, प्रत तर आहे ना? मग चालत का नाही?"

प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर एक नाही, तीन आहेत. ती वेगवेगळी करून पाहिली तरच रोग कळतो.

पहिला प्रश्न : नक्कल पुरी आहे का? एका थराच्या ब्लू-रेमध्ये २५ जीबी मावतात, दोन थरांच्या डिस्कमध्ये ५०. हार्ड डिस्क जर 'फॅट ३२' या जुन्या पद्धतीने आखलेली असेल तर तिच्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल राहूच शकत नाही. मग नक्कल अर्धवट तुटते. काकांच्या दोन फाइली बरोबर ४ जीबीच्या आतबाहेर थांबल्या होत्या. त्यांचा निकाल तिथेच लागला. मूळ डिस्क पुन्हा वाचायची आणि 'एनटीएफएस' किंवा 'एक्सफॅट' पद्धतीच्या डिस्कवर नक्कल करायची, दुसरा इलाज नाही.

दुसरा प्रश्न : संगणकाला ही नक्कल 'डिस्क' म्हणून ओळखता येते का? ब्लू-रेवरची मांडणी 'यूडीएफ २.५' नावाच्या पद्धतीची असते. विंडोज एक्सपीला ती आपली आपण वाचता येत नसे, व्हिस्टापासून येऊ लागली. विंडोज ८ पासून तर आयएसओ फाइलवर दोनदा टिचकी मारली की ती खरी डिस्क घातल्यासारखी उघडते. काकांचा जुना संगणक इथे अडत होता, नव्यावर ती अडचण गेली.

तिसरा प्रश्न खरा : आतली चित्रे कुलूपबंद आहेत का? नक्कल उघडल्यावर आत 'बीडीएमव्ही' नावाचा फोल्डर दिसतो, त्यात चित्रांच्या फाइलीही दिसतात. पण शेजारी 'एएसीएस' नावाचा फोल्डर असेल आणि चित्र काही केल्या हलत नसेल, तर समजावे की घरात शिरलो पण कपाटाला कुलूप आहे.

हा ताळा लावल्यावर एक आनंदाची गोष्ट निघाली. मुंजी, लग्ने, गणेशोत्सव यांच्या नकलांत ते कुलूप नव्हतेच! घरी किंवा फोटोवाल्याकडे लिहून घेतलेल्या डिस्कांवर सहसा ते नसते. त्या सगळ्या चालल्या. विकत घेतलेले सिनेमे मात्र एकजात बंद.

हे कुलूप कुठून आले? डीव्हीडीला पूर्वी एक कुलूप होते. १९९९ साली नॉर्वेतल्या एका पोरसवदा मुलाचे नाव ते फोडण्यावरून जगभर गाजले. त्याच्यावर खटला झाला आणि २००३ साली तो निर्दोष सुटला. ती नाचक्की पुन्हा नको म्हणून आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, पॅनासॉनिक, सोनी, तोशिबा, डिस्ने आणि वॉर्नर या आठ कंपन्यांनी मिळून 'एएसीएस' ही नवी व्यवस्था उभी केली. २००६ मध्ये ब्लू-रे बाजारात आली ती हे कुलूप घेऊनच.

त्याची रचना आमच्या कोषागाराच्या तिजोरीसारखी आहे. एका चावीने उघडत नाही. चित्र ज्या चावीने बंद केले ती चावी डिस्कवरच असते, पण ती स्वतः दुसऱ्या चावीने बंद. ही दुसरी चावी तयार होते दोन गोष्टी मिळून. एक गोष्ट प्लेअरच्या पोटातल्या गुप्त चाव्या डिस्कवरच्या एका तक्त्याला लावून निघते. दुसरी गोष्ट म्हणजे डिस्कचा ओळख क्रमांक, त्याला 'व्हॉल्यूम आयडी' म्हणतात.

आणि इथेच काकांच्या प्रश्नाचे उत्तर आहे. हा क्रमांक डिस्कवर असतो, पण नेहमीच्या वाचनात तो मिळतच नाही. ड्राइव्ह तो फक्त ओळखपत्र दाखवणाऱ्या, परवानाधारक सॉफ्टवेअरलाच सांगतो. त्यामुळे डिस्कचा बिट न् बिट उतरवला तरी तो क्रमांक नकलेत येत नाही. नक्कल हुबेहूब आहे, तरीही अपुरी आहे. मूळ डिस्क फेकून दिली तर ती नक्कल म्हणजे चावी विहिरीत पडलेली तिजोरी!

एवढ्यावर थांबत नाही. ती ओळखपत्रेही रद्द होतात. नवी डिस्क बाजारात येते तेव्हा तिच्यावर रद्द झालेल्यांची ताजी यादी असते, आणि ड्राइव्ह ती यादी कायमची लक्षात ठेवतो. म्हणून काल चालणारे जुने सॉफ्टवेअर एक नवी डिस्क घातल्यावर आज अडून बसते. ४के ब्लू-रेचे तर त्याहून विचित्र झाले. त्या संगणकावर बघायला इंटेलच्या प्रोसेसरमधली 'एसजीएक्स' नावाची सोय लागत असे. अकराव्या पिढीपासून घरगुती प्रोसेसरमधून ती काढून टाकली. जुना संगणक डिस्क दाखवतो, नवा दाखवत नाही. आणि कोऱ्या ब्लू-रे डिस्का बनवणे सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंदच केले.

वाचकहो, हे सगळे फार नवे वाटते, पण मराठी माणसाला ते इतके नवे नाही. पानिपतानंतर भेलशाच्या मुक्कामी, म्हणजे माळव्यातच, पेशव्यांच्या हाती पडलेले ते सावकारी पत्र आठवा. मोती आणि मोहरा यांच्या भाषेत लिहिलेले. कासिदाच्या पिशवीतून ते वाटेत कुणीही काढले असते तरी त्याला व्यापाराचाच हिशेब दिसला असता. नक्कल कितीही करा, अर्थाची चावी कागदावर नव्हतीच. ती वाचणाऱ्याच्या डोक्यात होती.

होळकरांचे दप्तर मोडीत. मोडी हे काही कुणी मुद्दाम घातलेले कुलूप नव्हते, ती कारकुनाच्या वेगाची लिपी होती. पण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शाळांतून गेली आणि ज्या कागदांना कुलूप नव्हते त्यांना ते आपोआप लागले. चाव्या होत्या म्हाताऱ्या कारकुनांच्या बोटांत. १९४० च्या दशकात वा. वा. ठाकुरांनी इंदूरहून 'होळकरशाहीच्या इतिहासाची साधने' बाळबोधीत छापली, म्हणून आज आपण ती वाचू शकतो. कागदाची नक्कल करणे हे अर्धे काम. वाचता येईल अशी नक्कल करणे हे पुरे काम.

आपल्या गोव्यातही हेच घडले. १५९५ साली दिओगो दो कूतो याच्या हाती सुरू झालेले पणजीतले पुराभिलेखागार आशियातल्या जुन्या दप्तरखान्यांपैकी एक. पण त्यातली मराठी कागदपत्रे आणि पोर्तुगीज कागदपत्रे एकमेकांशी बोलू लागली ती सत्तरीतल्या पिसुर्ल्याच्या पांडुरंग पिसुर्लेकरांसारखा दोन्ही चाव्या जवळ असलेला माणूस तिथे बसला तेव्हा. गावकऱ्यांचे काही जुने कागद गोंयकानडीत आहेत. ती लिपी वाचणारे किती उरले, हे सांगायला नकोच.

मोडी आणि ब्लू-रे यांत एक फरक मात्र विसरता येणार नाही. मोडी शिकता येते. सहा महिने मन लावून बसलात तर जुने पत्र बोलायला लागते. १२८ बिटांची चावी शिकून येत नाही. ती ज्याच्याकडे आहे त्याने द्यायची असते, आणि तो धंदा बंद करून गेला तर विषय संपला.

कायदा काय म्हणतो? २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या कॉपीराइट कायद्यात ६५अ हे कलम आले. हक्कभंगाच्या उद्देशाने असे कुलूप फोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. कायद्याने मना नसलेल्या कामासाठी मुभा आहे, पण अशा कामात दुसऱ्याला मदत करणाऱ्याने त्या माणसाचे नाव, पत्ता आणि उद्देश यांची पूर्ण नोंद ठेवली पाहिजे! कारकून म्हणून मला या कलमाचे कौतुक वाटले. कुलूप उघडायलासुद्धा रजिस्टर आहे. पण ग्रंथालयांनी आणि अभिलेखागारांनी असे रजिस्टर खरोखर उघडले पाहिजे. सिनेमा हाही या देशाचा कागदच आहे.

काकांना मी लिहून दिले ते थोडक्यात इथेही देतो. घरच्या चित्रणांना कुलूप नाही, त्यांच्या दोन प्रती दोन वेगळ्या गावी ठेवा आणि दर दोन-तीन वर्षांनी उघडून पाहा. विकतच्या सिनेमांची नक्कल आहे म्हणून मूळ डिस्क टाकू नका, कारण चावीचा एक तुकडा फक्त तिच्यातच आहे. चालता प्लेअर आणि जुना संगणक मोडीत घालू नका. आणि प्रत्येक फाइलीशेजारी एक साधा मजकूर लिहून ठेवा : हे काय आहे, कधी केले, कशाने उघडते.

शेवटचे काम सगळ्यात स्वस्त आहे आणि तेच कुणी करत नाही. जुने दप्तरदार रुमालावर चिठ्ठी बांधत असत. आत काय आहे ते बाहेर लिहिलेले असे. आपल्या हार्ड डिस्कांवर ती चिठ्ठी नाही. नातवंडांच्या हाती त्या पडतील तेव्हा आग लागलेली नसेल, पूर आलेला नसेल, सगळे जिथल्या तिथे असेल. फक्त उघडणार नाही.