पाठलाग

रहस्यप्रधान मराठी चित्रपट (१९६४). दिग्दर्शक राजा परांजपे (१९१०–७९). जयंत देवकर यांच्या आशा परत येते या कादंबरीवर तो आधारलेला असून काशिनाथ घाणेकर व भावना यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. गीते ग. दि. माडगूळकर यांची व संगीत दत्ता डावजेकर यांचे आहे.

मराठीत रहस्यकथेला वाचकांची वाण कधीच नव्हती. बाबूराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या; त्यांचे धनंजय, झुंजार व काळा पहाड हे नायक घरोघरी पोहोचले. चित्रपट मात्र पौराणिक, ऐतिहासिक, तमाशाप्रधान व कौटुंबिक विषयांतच बहुधा रमला. खुद्द परांजपे यांची ख्याती लाखाची गोष्ट, पेडगावचे शहाणे (दोन्ही १९५२) अशा वेगळ्या वळणाच्या चित्रपटांवर उभी होती.

एका वकिलाची पत्नी मरण पावते व तिचे अंत्यसंस्कारही होतात. पुढे दरोडेखोरांच्या टोळीतील म्हणून पकडलेली, हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी स्त्री आपणच त्याची पत्नी असल्याचे न्यायालयात सांगते आणि पतिपत्नींखेरीज कोणालाही ठाऊक नसलेल्या गोष्टी बोलू लागते. येथे प्रश्न खुनी कोण हा नसून समोरची स्त्री कोण, हा आहे. उलटतपासणी हे वकिलाचे नेहमीचे शस्त्र. ते त्याला स्वतःच्याच संसारावर चालवावे लागते. प्रत्यक्षात मरण पावलेली स्त्री ही पत्नीची जुळी बहीण असते.

मृत मानलेली व्यक्ती परतणे, हे सूत्र युद्धोत्तर ब्रिटिश रहस्यपटातही आढळते. कॅरल रीड दिग्दर्शित द थर्ड मॅन (१९४९) या चित्रपटात दफन झालेला मित्र व्हिएन्नात जिवंत सापडतो; पण तो भेसळयुक्त पेनिसिलीन विकणारा गुन्हेगार निघतो व अखेर मित्राच्याच हातून मरतो. तेथे पुनर्भेटीने विश्वास संपतो, तर पाठलागमध्ये तो पुन्हा मिळतो. जुळ्या बहिणीची युक्ती काहीशी सोयीची आहे, हे मान्य करावे लागते. तथापि न्यायालयातील ताण तिच्यामुळे ढळत नाही.

सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यास लाभला. त्यावरून तमिळमध्ये इदय कमलम् (१९६५) आणि हिंदीत राज खोसला दिग्दर्शित मेरा साया (१९६६) हे चित्रपट निघाले. सुनील दत्त व साधना यांच्या भूमिका आणि मदनमोहन यांचे संगीत यांमुळे हिंदी रूपांतर देशभर गाजले; मूळ मराठी कृती मात्र महाराष्ट्राबाहेर फारशी परिचित झाली नाही.