संध्याकाळची गाडी आणि ‘ऑफ-पीक’ तिकीट

ब्रिटनमध्ये मुलाबाळांकडे किंवा कामानिमित्त गेलेल्या भारतीय प्रवाशाला रेल्वेचे ‘ऑफ-पीक’ तिकीट स्वस्त म्हणून हमखास सुचवले जाते. सकाळची गर्दी ओसरल्यावर निघायचे, एवढीच त्याची अट असावी असा समज होतो. सकाळचा प्रवास निर्विघ्न पार पडतो आणि संध्याकाळी साडेपाचला परतताना लंडनच्या स्थानकातील फाटकावर तेच तिकीट नाकारले जाते. परतीच्या प्रवासालाही वेळेचे स्वतंत्र बंधन असू शकते, हे अनेकांना तेथेच प्रथम कळते.

हा गोंधळ स्वाभाविक आहे. मुंबईच्या लोकलला सकाळी आठ वाजता जे भाडे, तेच दुपारी दोनला. राजधानी, शताब्दी व दुरांतो गाड्यांना २०१६ मध्ये बदलते भाडे लागू झाले. पण तेही किती जागा विकल्या गेल्या यावर ठरवण्यात आले, घड्याळावर नव्हे. ब्रिटनमध्ये मात्र एकाच मार्गावर, एकाच डब्यात, तासाभराच्या अंतराने भाडे बदलते.

तेथील तिकिटांचे मुख्य प्रकार तीन. ‘अ‍ॅडव्हान्स’ हे आधी घेतलेले आणि ठरावीक गाडीपुरतेच असते. ‘एनीटाइम’ कोणत्याही वेळी चालते आणि म्हणूनच महाग असते. ‘ऑफ-पीक’ या दोहोंच्या मधले. काही मार्गांवर त्याहूनही स्वस्त व अधिक बंधनांचे ‘सुपर ऑफ-पीक’ मिळते. ही नावे २००८ मध्ये देशभर एकसारखी करण्यात आली. नावे एकसारखी झाली, अटी मात्र झाल्या नाहीत. १९९३ च्या कायद्याने रेल्वेचे खासगीकरण झाल्यावर गाड्या वेगवेगळ्या कंपन्यांकडे गेल्या आणि वेळेचे नियम कंपनीगणिक, मार्गागणिक निराळे झाले. त्यामुळे ‘ऑफ-पीक किती वाजता सुरू होते?’ या प्रश्नाला सबंध देशासाठी एक उत्तर नाही. प्रत्येक ऑफ-पीक तिकिटाला दोन अक्षर-अंकांचा एक संकेत असतो आणि ‘नॅशनल रेल’च्या संकेतस्थळावर त्याचा तपशील वाचता येतो. तिकीट घेण्यापूर्वी हा मजकूर वाचणे कंटाळवाणे असले, तरी ते टाळणे महागात पडते.

संध्याकाळचे बंधन प्रामुख्याने लंडनहून बाहेर जाणाऱ्या गाड्यांना असते. सोमवार ते शुक्रवार, साधारणतः चार ते सातच्या दरम्यान ते लागू होते. नेमकी मिनिटे मार्गानुसार बदलतात आणि काही मार्गांवर ते मुळीच नसते. शनिवार, रविवार व सार्वजनिक सुटीच्या दिवशी सहसा मोकळीक असते. मात्र हा केवळ लंडनचा प्रश्न नाही. ग्रेटर मँचेस्टर व वेस्ट यॉर्कशायर भागात ‘नॉर्दर्न’च्या गाड्यांवर सप्टेंबर २०१४ मध्ये दुपारी ४.०१ ते ६.२९ या वेळेत ऑफ-पीक तिकिटे बंद करण्यात आली, तेव्हा कामावरून घरी परतणाऱ्यांनाच त्याचा फटका बसला.

आणखी एक बारकावा आहे. गाडी वेळापत्रकाप्रमाणे कधी सुटायची होती, हे पाहिले जाते. ती प्रत्यक्षात कधी सुटली, हे नव्हे. बंधन सात वाजता संपत असेल आणि ६.५५ ची गाडी उशिराने ७.०५ ला निघाली, तरी ती बंधनातलीच. उलट बंधन सुरू होण्याआधीची गाडी रखडली, तर तिकीट चालते. बंधन उठल्यानंतरच्या पहिल्या गाडीला मग अशी झुंबड उडते, की गर्दी टाळण्यासाठी केलेल्या नियमाने गर्दी अर्ध्या तासाने पुढे ढकलली एवढेच म्हणावे लागते.

चुकीच्या वेळी ऑफ-पीक तिकिटावर प्रवास झाला, तर नियमानुसार त्या गाडीला चालणाऱ्या तिकिटाच्या दरातील फरक भरावा लागतो. नवे पूर्ण तिकीट घेण्याची पाळी साधारणतः अ‍ॅडव्हान्स तिकिटावर भलत्याच गाडीत बसलेल्यावर येते. फरकाची मागणी आणि दंड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात ठेवून तपासनिसाशी शांतपणे बोलावे.

लंडन शहरात ऑईस्टर किंवा बँकेच्या कार्डावर फिरताना हिशेब वेगळा आहे. तेथे सोमवार ते शुक्रवार सकाळी ६.३० ते ९.३० आणि दुपारी ४ ते ७ ही गर्दीची वेळ. प्रवेशद्वारावर कार्ड टेकवले तो क्षण धरला जातो. ६.५७ ला पोहोचलेल्याने तीन मिनिटे बाहेर थांबलेले बरे. संध्याकाळी बाहेरून मध्यवर्ती पहिल्या विभागात येणाऱ्याला मात्र कमी दरच लागतो, कारण गर्दी उलट दिशेची असते. हिथ्रो विमानतळ ते पहिला विभाग या ट्यूब प्रवासाला सप्टेंबर २०२२ पासून दिवसभर गर्दीचाच दर आहे, तेव्हा विमानातून उतरून सात वाजण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

स्कॉटलंडने ही भानगडच मिटवली. ‘स्कॉटरेल’ने १ सप्टेंबर २०२५ पासून गर्दीच्या वेळेचे वेगळे भाडे कायमचे रद्द केले. मात्र ते स्कॉटरेलच्या गाड्यांपुरतेच. लंडनहून स्कॉटलंडला निघालेल्या प्रवाशाला तिकिटावरील संकेत वाचावाच लागतो.