शेतात राबूनही अंग जड, मन उदास? आवडीचा व्यायाम असा शोधा

"दिवसभर रानात राबतोय, अजून वेगळा व्यायाम कशाला?" गावात व्यायामाचं नाव काढलं की हा प्रश्न ठरलेला. प्रश्न रास्तच आहे. खुरपणी, भांगलण, ऊसतोड, रात्रीची पाण्याची पाळी ही अंगमेहनतच आहे आणि ती शरीराला लागू पडते.

पण नांगरट, पेरणी, मळणी आता यंत्रावर आली. डेअरीला दूध घालायला अर्धा किलोमीटर जायचं असलं तरी गाडीला किक मारली जाते. हाताने करायचं जे काम उरलं, ते बहुतेक एकाच जागी, एकाच बाजूला वाकून. त्यात कंबर धरते, मान आखडते, आणि डोक्यात मात्र बाजारभाव, सोसायटीचा हप्ता, पाऊस हेच फिरत राहतं. काम संपतं तेव्हा अंग दमलेलं असतं, मन मोकळं झालेलं नसतं. मन मोकळं करणारी हालचाल वेगळी. ती आपल्या मर्जीची असते, तिला ताल असतो, सोबत असते, आणि तेवढा वेळ डोक्यातला हिशेब थांबतो.

यामागे शरीराचं शास्त्र आहे. दम लागेल अशी हालचाल केली की हृदय जोरात चालतं, मेंदूला जास्त रक्त मिळतं. एंडॉर्फिन, डोपामिन अशी रसायनं तयार होतात. त्यांनी दुखणं थोडं बोथट होतं आणि बरं वाटू लागतं. सवय लागली की रात्रीची झोपही सुधारते, आणि सकाळचा आळस बऱ्याचदा झोप नीट नसल्यामुळेच असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार मोठ्या माणसाने आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम जोराची हालचाल करावी. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास. सलगच हवी असं नाही, सकाळी 10 मिनिटं आणि संध्याकाळी 20 मिनिटं केली तरी चालतात. मध्यम जोर ओळखायची खूण सोपी आहे: बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही.

अडचण होते ती टिकण्याची. 1 जानेवारीला पळायला सुरुवात केलेला माणूस संक्रांतीपर्यंत घरी बसलेला दिसतो. भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे 1600 मीटरसाठी जीव काढतात. निकाल लागला, नाव आलं नाही, की त्यातल्या बऱ्याच जणांचे बूट माळ्यावर जातात. पळणं फक्त परीक्षेसाठी होतं, आवडीचं नव्हतं. खरं तर निकालानंतरच्या त्या वाईट महिन्यांत मैदानाची गरज सगळ्यात जास्त असते.

मग आवड शोधायची कशी? शाळेत असताना कशात रमायचो, हे आधी आठवून बघायचं. हरण्या-जिंकण्याशिवाय मजा येत नसेल तर खेळ. वाद्य वाजलं की पाय हलत असतील तर लेझीम नाहीतर फुगडी. माणसांचा कंटाळा आला असेल तर एकट्याने चालणं, सायकल, सूर्यनमस्कार. एक प्रकार दोन आठवडे करून बघावा. तासाभराने हुशारी वाटते का, रात्री झोप लागते का, दुसऱ्या दिवशी परत जावंसं वाटतं का? तिन्हीला "नाही" आलं तर प्रकार बदलावा. यात कमीपणा काही नाही.

खेळात खो-खो सगळ्यात स्वस्त. दोन खांब, आखलेलं मैदान आणि माणसं, बस्स. एका वेळी नऊ जण मैदानात, त्यामुळे गल्लीतली पोरं, शिक्षक, दुकानदार सगळे खपतात. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताने पुरुष आणि महिला दोन्ही गटांत जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचेच. चाळिशीच्या पुढच्यांनी मात्र थेट पाठलागाला उतरू नये. गुडघे आणि घोटे अंदाज देत नाहीत. त्यांच्यासाठी व्हॉलीबॉल बरा, बहुतेक गावांत कुठेतरी जाळी असतेच.

लेझीम तर घरातच आहे, फक्त जयंती-मिरवणुकीपुरती बाहेर निघते. लाकडी दांडा, लोखंडी साखळी, साखळीत चकत्या. हलगीच्या तालावर वाकायचं, उठायचं, पाय टाकायचे. "चार आवाज"पासून "आगे फलांग"पर्यंत हात, खांदे, कंबर, मांड्या सगळं कामाला लागतं. वीस मिनिटांत घाम निथळतो. आणि पुढचा पाय कुठे टाकायचा यात लक्ष गुंतलं की हप्त्याचा विचार करायला जागाच उरत नाही. मंडळाने आठवड्यातून तीन संध्याकाळी सराव ठेवला तर मिरवणूकही देखणी होईल, ते वेगळंच.

बायकांचं गणित अजून अवघड. रान, चूल, गोठा, पोरं, आणि वर "ही निघाली व्यायामाला" हे ऐकून घ्यायचं. म्हणून जे सोबतीनं होतं तेच टिकतं. पंचमी आणि गौरीच्या दिवसांत झिम्मा, फुगडी, पिंगा रंगतो तेव्हा कोणी त्याला व्यायाम म्हणत नाही. पण हातांचा तिढा घालून, चवडे जुळवून, मागे रेलून दोन मिनिटं गरगर फिरून बघा, काय दम लागतो! बचत गटाची बैठक संपल्यावर पंधरा मिनिटं झिम्मा धरायला वर्षभर कुणाची आडकाठी नसावी. चक्कर येणाऱ्यांनी, गरोदर बायकांनी आणि गुडघे दुखणाऱ्यांनी फुगडी टाळावी. टाळ्यांचा साधा झिम्मा आणि चालणं त्यांना पुरे.

एकट्याने करायचं तर सूर्यनमस्कार. औंधचे (आता सातारा जिल्हा) राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी शंभर वर्षांपूर्वी ते शाळाशाळांत पोहोचवले. चार-सहा नमस्कारांपासून सुरू करून हळूहळू वाढवावेत. दिवसभर वाकून काम करणाऱ्यांना त्यातलं मागे वळणं बरं वाटतं. कंबरेत आधीच चमक भरत असेल तर डॉक्टरांना विचारून.

चालायला पहाटे अंधारात रस्त्यावर जाणाऱ्यांनी उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असं चालावं. कपडे पांढरे घालावेत आणि कानात इअरफोन नको. उन्हाळ्यात सकाळी 11 ते दुपारी 4 मेहनतीचा व्यायाम नकोच.

विहिरीत पोहण्याची मजा कुठल्याच जिममध्ये नाही, पण विहिरीत जीवही जातात. शिकणाऱ्याच्या पाठीला डबा नाहीतर सुकलेला भोपळा बांधलेला असावा आणि पट्टीचा पोहणारा पाण्यात सोबत असावा. एकट्याने उतरू नये. मोटर नुसती बंद करून भागत नाही, मुख्य स्विच पाडायचा. कुरतडलेल्या वायरीतून पाण्यात करंट उतरू शकतो.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी दमणारा व्यायाम करू नये आणि खिशात साखर ठेवावी. घाम फुटून थरथर सुटली की लगेच खावी. बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी. व्यायाम करताना छातीत दाब आला, डावा हात किंवा जबडा दुखू लागला तर तिथेच थांबावं आणि 108 ला फोन करावा.

उदासपणा दोन आठवड्यांहून जास्त टिकला, झोप-भूक गेली, कशातच मन लागेना, तर तो नुसता आळस नाही. अशा वेळी खेळ आणि चालणं मदत करतं, पण तेवढ्यावर राहू नये. चालू असलेल्या गोळ्याही मनाने बंद करू नयेत. जगण्यातच राम नाही असं कोणी बोलून दाखवलं तर त्या माणसाला एकटं सोडू नये. सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं. घरातल्या माणसानेही त्याच्यासाठी फोन लावला तरी चालतो.