ओम्बड्समनचें पद : स्वीडनच्या दरबारापासून संस्थेच्या कचेरीपर्यंत

‘ओम्बड्समन’ हा शब्द आपल्याकडे ‘लोकपाल’ या रूपानें रूढ झाला. लक्ष्मीमल्ल सिंघवी यांनीं १९६३ सालीं लोकसभेंतील चर्चेंत हा पर्याय सुचविला. तेव्हांपासून सरकारी अधिकाऱ्याविरुद्ध प्रजेची फिर्याद ऐकणारा कायदेशीर अंमलदार, एवढाच अर्थ वाचकांच्या मनांत उभा राहतो. परंतु गेल्या साठ वर्षांत याच नांवाचा एक निराळा वर्ग पाश्चात्य विद्यापीठें, कारखाने व आंतरराष्ट्रीय संस्था यांच्या आंत वाढला आहे. हे लोक निकाल देत नाहींत, शिक्षा सांगत नाहींत, चौकशीचा हुकूमही काढीत नाहींत. संस्थेंतील नोकर किंवा विद्यार्थी येऊन गाऱ्हाणें सांगतो तें ऐकावें, कोणकोणत्या वाटा मोकळ्या आहेत तें समजावून द्यावें, जमल्यास उभय पक्षांत बोलणें घडवून आणावें, इतकेंच त्यांचें काम. या वर्गाचा इतिहास लिहूं जातां पहिलीच अडचण अशी येते कीं, ज्या कचेरीचा इतिहास लिहावयाचा, ती आपलें दप्तर आपल्याच हातानें नाहींसें करीत असते. ही रीत कशी पडली याचा शोध घेणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

पदाचें मूळ स्वीडनचें. पोल्ताव्हाच्या लढाईंत १७०९ सालीं रशियाच्या पीटरकडून पराभव पावल्यावर स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स तुर्की मुलखांत आश्रयास राहिला. तेथील तिमुरताश या मुक्कामाहून त्यानें ऑक्टोबर १७१३ मध्यें ‘सर्वोच्च ओम्बड्समन’ नेमण्याचा हुकूम काढला. राजा परमुलखांत; तेव्हां मागें न्यायाधीश व अंमलदार कायद्याप्रमाणें वागतात कीं नाहीं, हें त्याच्या वतीनें पाहणारा कोणी तरी हवा होता. (राजाराम महाराज जिंजीस गेले असतां रामचंद्रपंत अमात्यांस ‘हुकुमतपन्हा’ करून इकडील कारभार सोंपविला होता, त्याची आठवण वाचकांस होईल. साम्य प्रसंगाचें आहे, पदाचें नाहीं.) स्वीडिश भाषेंत ‘ओम्बुड’ म्हणजे दुसऱ्याच्या वतीनें काम पाहणारा. आपल्या जुन्या कागदांतला ‘मुतालिक’ हा शब्द अर्थानें त्याच्या बराच जवळ जातो. ‘लोकपाल’ तितका जात नाहीं. कारण मुतालिक म्हटला कीं तो कोणाचा, हा प्रश्न ओघानेंच येतो, आणि या पदाच्या सर्व स्थित्यंतरांचें बीज त्या प्रश्नांतच आहे.

राजाच्या या मुतालिकाचें नांव १७१९ सालीं बदलून त्यास न्यायखात्याचा चॅन्सेलर म्हणूं लागले. पुढें १८०९ च्या राज्यघटनेनें रिक्सडागनें, म्हणजे तेथील प्रतिनिधिसभेनें, आपला स्वतंत्र ओम्बड्समन निवडावा असें ठरविलें, आणि १८१० सालीं लार्स आउगुस्टिन मान्नरहाइम याची निवड झाली. मुतालिकी तीच राहिली, धनी बदलला. हा अधिकारी न्यायकचेऱ्या व तुरुंग तपाशी, कसूर करणाऱ्या अंमलदारावर खटला भरी, आणि आपल्या कामाचा अहवाल रिक्सडागपुढें ठेवी. सरकारी कागद प्रजेस पाहूं देण्याचा पायंडा त्या देशांत १७६६ च्या कायद्यानें पडलेला होता. त्यामुळें फिर्याद, अंमलदाराचें उत्तर व निर्णय हा सारा व्यवहार लेखी चाले. संशोधकाच्या दृष्टीनें याहून सोयीचें पद शोधून सांपडणार नाहीं. पुढें फिनलंडनें १९१९ च्या घटनेनें तें स्वीकारलें. डेन्मार्कमध्यें तें १९५५ सालीं व न्यूझीलंडमध्यें १९६२ सालीं सुरू झालें. न्यूझीलंडच्या द्वारें तें इंग्रजी भाषेच्या मुलखांत शिरलें. आपल्याकडील चर्चाही त्याच सुमाराची आहे.

येथवरची परंपरा एका सुताची आहे. उत्तर अमेरिकेंतील विद्यापीठांत मात्र सूत तुटलें. कॅनडांतील सायमन फ्रेझर विद्यापीठांत १९६५ सालीं, ईस्टर्न मोंटाना कॉलेजांत १९६६ सालीं व मिशिगन स्टेट विद्यापीठांत १९६७ सालीं ओम्बड्समन दिसूं लागले. विद्यार्थ्यांची संख्या फुगली होती, चळवळींनीं वातावरण तापलें होतें, आणि अधिकाऱ्यांच्या दारीं दाद लागत नाहीं ही ओरड सार्वत्रिक होती. झेरॉक्स कंपनीनें १९७२ सालीं हें पद कारखानदारींत आणलें. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथें १९७३ सालीं मेरी रो यांची नेमणूक झाली ती स्त्रियांच्या कामाविषयींच्या खास साहाय्यक म्हणून; ओम्बड्सचें नांव मागाहून आलें. काम आधीं, नांव मागाहून, हा क्रम या धंद्यांत पुष्कळ ठिकाणीं आढळतो, आणि म्हणून केवळ पदनामावरून आरंभाचें साल ठरविणें धोक्याचें आहे.

सरकारी व संस्थांतर्गत पदांत भेद पडला तो अधिकारांत. स्वीडिश अधिकाऱ्याचा खटला भरण्याचा हक्क येथें मुळींच नव्हता. ज्या संस्थेविरुद्ध गाऱ्हाणें ऐकावयाचें, तिच्याच तिजोरींतून पगार घेणारा मनुष्य जर न्यायाधीशही होऊन बसला, तर त्याच्याकडे कोण फिरकणार? तेव्हां त्यानें अधिकार सोडला व त्याच्या मोबदल्यांत विश्वास मागितला. अमेरिकेंत लष्करी सामान पुरविणाऱ्या कंपन्यांच्या गैरव्यवहारांचा १९८० नंतर बोभाटा झाला, आणि त्या कंपन्यांनींही हें पद घेतलें. त्याच दशकांत धंद्यांतील लोकांनीं आपल्या संघटना बांधल्या. पुढें स्वातंत्र्य, निःपक्षपात, गुप्तता व अनौपचारिकता हीं चार तत्त्वें त्यांची जणू सनदच झालीं.

यांपैकीं गुप्ततेचें तत्त्व आपल्या विषयाचें आहे. या धंद्याच्या नियमांप्रमाणें ओम्बड्सनें संस्थेसाठीं माणसाची ओळख पटेल असा कोणताही कागद जतन करावयाचा नाहीं. टिपणें, निरोप, भेटींच्या नोंदी ठराविक रीतीनें नष्ट करावयाच्या. त्याच्या कानीं घातलेली गोष्ट ही संस्थेस दिलेली सूचना समजावयाची नाहीं, असेंही हा वर्ग आग्रहानें सांगतो. या आग्रहाची परीक्षा मॅकडोनेल डग्लस या विमानें बांधणाऱ्या कंपनीच्या दोन खटल्यांत झाली. पहिल्यांत, १९९१ सालीं, मिसुरीच्या पूर्व जिल्ह्याच्या संघीय न्यायालयानें ओम्बड्सपाशीं झालेलें बोलणें उघड करण्यास भाग पाडतां येणार नाहीं असें ठरविलें. दुसऱ्यांत कामावरून कमी केलेल्या एका नोकरानें ओम्बड्सची टिपणें मागितलीं. कनिष्ठ न्यायालयानें त्यास नकार दिला, पण १९९७ सालीं आठव्या मंडलाच्या अपील-न्यायालयानें तो फिरविला. कंपनीचा ओम्बड्स कंपनीचा पगारी आहे, सरकारी ओम्बड्समनला असतें तसें घडणीचें स्वातंत्र्य त्यास नाहीं, आणि हें संरक्षण नसल्यास नोकर त्याच्याकडे येणारच नाहींत असें कंपनीनें सिद्ध केलेलें नाहीं, असा न्यायालयाचा अभिप्राय पडला. ‘मुतालिक कोणाचा’ हाच प्रश्न येथें अडीच शतकांहून अधिक काळानें न्यायासनावरून विचारला गेला.

कागद मागितला जाण्याची भीति खरी ठरल्यावर कागद न ठेवण्याची प्रथा अधिक घट्ट झाली असावी, असें माझें अनुमान आहे. प्रथेस दोष देण्याचें मला कारण दिसत नाहीं. वरिष्ठाच्या छळाची हकीकत सांगणाऱ्या कारकुनाला उद्यांची नोकरी वांचवावयाची असते. शंभर वर्षांनंतरच्या संशोधकाची सोय पाहण्याचें त्याला प्रयोजन नाहीं. परंतु हानि व्हावयाची ती होतेच. १८१० च्या स्वीडिश शेतकऱ्याची तक्रार शोधण्यास आज वाट आहे. १९८० च्या कारखान्यांतील कामगाराची बहुधा नाहीं.

इसवी सन २००५ सालीं महाविद्यालयांची व कंपन्यांची अशा दोन संघटना एक होऊन आंतरराष्ट्रीय ओम्बड्समन संघटना झाली. पुढें नांवांतील ‘मन’ गळून ‘ओम्बड्स’ एवढेंच राहिलें. संयुक्त राष्ट्रसंघानें २००२ सालीं जमेकाच्या पॅट्रिशिया डुरंट यांना आपल्या पहिल्या ओम्बड्समन नेमलें. हिंदुस्थानांत मात्र मूळ सरकारी शाखाच रुजली. महाराष्ट्रानें १९७१ सालीं कायदा करून १९७२ मध्यें लोकायुक्ताची कचेरी उघडली. रिझर्व्ह बँकेची बँकिंग-लोकपाल योजना १९९५ ची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांतील ‘ओम्बड्सपर्सन’ विद्यापीठाचा असूनही अपिलें ऐकतो, म्हणजे तो नांवानें नवा व कुळानें १८०९ चा आहे. ग्रंथसूची करणाऱ्यांनीं या दोन्ही कुळांचे कागद ‘लोकपाल’ या एकाच मथळ्याखालीं घालूं नयेत.

संग्राहकांस मिळवितां येण्याजोगे कागद थोडे आहेत, पण आहेत. कचेऱ्यांच्या स्थापनेच्या सनदा, धंद्याच्या नियमांच्या वेळोवेळीं बदललेल्या आवृत्त्या, नेमणुकीच्या जाहिराती, न्यायालयांचे निकाल, आणि वार्षिक अहवाल. नियमांच्या आवृत्त्या तर पोथ्यांप्रमाणें पाठभेद लावून वाचाव्या. कोणता शब्द केव्हां आला व कोणता गेला यावरून धंद्यास कोणत्या सालीं कशाचें भय होतें तें कळतें. अहवालांत गाऱ्हाणीं नसतात, आंकडे असतात. त्यांची वर्गवारी करण्यास संघटनेनें पगार, वरिष्ठांशीं संबंध, सहकाऱ्यांशीं संबंध, नोकरींतील बढती, आरोग्य वगैरे नऊ सदरें आंखून दिलीं आहेत. कोणत्या सदराखालीं किती माणसें आलीं तेवढें त्यांतून समजतें.