लुगड्याचा वळ आणि बावीस अक्षरं

अमरावती-अकोल्याकडं निंदणाला, कापूस वेचायला जाणारी जुनी बाई डोळ्यापुढे आणा. दिवसभर वाकायचं, म्हणून लुगडं कमरेला कसून आवळलेलं. तिथं काळा वळ पडतो, घाम मुरतो, खाजवून कातडी निघते. याला कोणी आजार म्हणत नाही.

१९४५ साली मुंबईच्या टाटा मेमोरियलमधले डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि बी. सूर्याबाई यांनी नेमक्या याच जागी, धोतराच्या घट्ट काठाखाली होणाऱ्या कर्करोगाची नोंद छापली. 'धोती कॅन्सर' हे नाव तिथून रूढ झालं. बायकांच्या लुगड्याकडे नजर वळायला मात्र फार वेळ लागला. नोव्हेंबर २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी 'बीएमजे केस रिपोर्ट्स'मध्ये दोन बायकांची हकीकत दिली. एकीनं चाळीस वर्षं रोज लुगडं नेसलेलं. जखम दोन वर्षं भरली नव्हती आणि रोग जांघेतल्या गाठीपर्यंत गेलेला.

जुनाट जखमेतून उगवणाऱ्या या कर्करोगाला मार्जोलिनचा व्रण म्हणतात. आपल्या अमरावतीत शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली ज्यांच्यासाठी तपोवन उभं केलं, त्या कुष्ठरुग्णांच्या पायाच्या न भरणाऱ्या जखमांतही तो क्वचित होतो.

आता योगायोग बघा. त्या अहवालाच्या महिनाभर आधीच अँब्रोस आणि रव्हकुन यांना मायक्रोआरएनएसाठी नोबेल जाहीर झालं होतं. १९९३ साली एक मिलिमीटरच्या कृमीत त्यांना साधारण बावीस अक्षरांचा आरएनए सापडला. प्रथिन बनवण्याचा संदेश घेऊन निघालेल्या लांब आरएनएला तो चिकटतो आणि काम थांबवतो. बैलाला वेसण, तसं.

कातडीतही अशा वेसणी आहेत. पेशी तळच्या थरातून वर सरकली की मायक्रोआरएनए-२०३ जागा होतो, पी-६३ हे प्रथिन दाबतो आणि पेशीचं विभाजन थांबतं. २००८ साली उंदरांत हे दिसलं. कातडीच्या स्क्वॅमस कर्करोगात हा २०३ घटतो. उलट मायक्रोआरएनए-२१ वाढतो आणि गाठीला आवर घालणारी प्रथिनं दाबतो.

पण हे बहुतेक काम गोऱ्या कातडीवरच्या, उन्हानं होणाऱ्या कर्करोगावरचं. वळातून झालेल्या कर्करोगाचे नमुने त्यात कुठं आहेत, असं मी विचारत असतो. वर्ध्याकडच्या डॉक्टरांचा सल्ला साधा आहे: नाडी सैल बांधा, कातडी बिघडली तर बरी होईस्तोवर ढिले कपडे घाला. आणि निदानासाठी आजही जखमेचा तुकडाच काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, खानोलकर बघायचे तसाच.